पिवळीच्या टपावरचं ऊन

१० मार्च, सोमवार. अकोला

पिवळी आज सकाळी दारात येऊन उभी राहिली. शाळेची जुनी गाडी, सीटा काढलेल्या. मागच्या काचेवर 'मुलांची गाडी, हळू चालवा' अजून तसंच आहे. पुसणार नाही. रिटायर होऊन चार महिने झालेल्या माणसाले ते लागू पडते.

शालूनं खिडकीतून पाहिलं. बाहेर काही आली नाही. "भंगार घरी आणायची सवय जात नाही तुमची," एवढं आतून आलं.

टप मोजला. दोन प्लेटा आरामात बसतात. शिडीवर चढताना वाटलं, चौतीस वर्षं लाईनमन म्हणून खांबावर चढलो ते लोकाच्या उजेडासाठी. आपल्या घरच्या कामाले हे पहिलंच चढणं.

दुपारी जेवताना तिले सरळ सांगून टाकलं. वर सोलर प्लेटा, खाली बॅटरी, बॅटरीवर छोटा फ्रीज, फ्रीजात तुहं इन्सुलिन. अखजीले, अक्षय तृतीयेले, तुह्या माहेरी जाऊ. तिथली लाईट राहो का जावो, आपलं काही अडत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "सांगणारा कोण आहे, ते पाहून राहिली मी."

लागलं. पण खोटं नाही. लिहून ठेवतो, नाही तं विसरल्यासारखं करीन. दोन वर्षांपूर्वी अखजीले ती वामनदादाकडं होती, तिच्या मोठ्या भावाकडं, वरूडजवळ संत्र्याच्या मळ्यात. वादळ झालं, लाईट गेली. मी इकडं तेल्हाऱ्याले ड्यूटीवर. तिचा फोन आला, इन्सुलिन फ्रीजात आहे, ओल्या मटक्यात ठेवू का बर्फ मागवू? म्या म्हटलं, "राहू दे तिथंच, दोन घंट्यात येते लाईन." कुठं विचारलं नाही, काही नाही. चौतीस वर्षं हरएक फोनले हेच उत्तर देल्लं. लाईन आली तिसऱ्या दिवशी. माह्या भरवशावर तिनं तेच तापलेलं इन्सुलिन घेतलं. साखर चढली, चार दिवस दवाखान्यात.

तेव्हापासून ती एक रात्र घराबाहेर राहिली नाही. माहेरी नाही, पोरीकडं पुण्याले नाही. भांडली पण नाही. भांडली असती तं बरं झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

सकाळच्या गाडीनं अमरावती. सोलरच्या दुकानात काउंटरवर एक पोरगी, मयुरी नाव, इंजिनेर. प्लेटा दोन, दोनशे वॅटच्या. कंट्रोलर. लिथियमची बॅटरी, एका हातानं उचलली! जुन्या बॅटऱ्या उचलू उचलू कंबर गेली आमची, अन् आता हे निघालं.

ती म्हणे, "काका, कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत दहा एमएमची वायर घ्या." म्या म्हटलं, घरी दीड एमएमचं अख्खं बंडल पडून आहे, चांगल्या तांब्याचं. म्हणे, "पातळ पडीन ती." म्या म्हटलं, बाई, अकरा हजारच्या लाईनीवर काम केलं म्या. हे बारा व्होल्ट म्हंजे जिभेले लावून पाहावं. हसली अन् बिल करून देल्लं.

येताना बडनेऱ्याले भजे खाल्ले. शा.साठी घेतले नाही, तेल चालत नाही तिले. मंग घरी सांगितलंच नाही खाल्ले म्हणून. तोंडाच्या वासावरून समजलंच.

१६ मार्च, रविवार

रफिकभाईकडं गाडी. कूलरच्या बॉड्या बनवते हा माणूस तीस वर्षांपासून, उन्हाळ्यात त्याच्याकडं पाय ठेवाले जागा नसते. माह्यासाठी कूलरचं काम बाजूले ठेवलं. मी म्हणो, प्लेटा टपाले चिकटवून टाकू, हवेनं उडाची भानगड नको. त्यानं माह्याकडं असं पाहिलं जसं म्या त्याले बिनपाण्याचा कूलर मागितला.

"साहब, अकोले की धूप है. पतरे को चिपकाओगे तो रोटी सिक जाएगी. चार उंगल उठाओ, नीचे से हवा खेलने दो."

प्लेट जेवढी तापते तेवढी कमी देते, हे कागदावर म्या वाचलं होतं. त्यानं न वाचता सांगितलं. चार बोटं उचलली, लोखंडी पट्ट्यांची चौकट, आठ ठिकाणी बोल्ट, हर बोल्टाखाली रबर. संध्याकाळी वर पाणी ओतून पाहिलं. आत एक थेंब नाही. पैसे घेताना म्हणे, "भाभी को बोलो, रफिक ने किया है." त्याले समजलं वाटते घरी कोणाच्या शब्दाले भाव आहे ते.

२० मार्च, गुरुवार

जोडलं! सकाळी ११ ले कंट्रोलरवर हिरवा लाईट लागला. प्लेटा एकामागं एक जोडल्या, तिथून कंट्रोलर, तिथून बॅ. आत दोन एलईडी बल्ब अन् एक पंखा. बटन दाबलं, पंखा फिरला. एकटाच हसत बसलो पंख्याखाली.

आयुष्यभर लाईट कुठून तरी येत होती. कोराडी का पारस, कोणत्या वीज केंद्रातून ते कोणाले माहीत. आज पहिल्यांदा ती माह्या डोक्यावरून चार हात अंतरावरून आली. कोणाले फोन करायचा नाही, कोणाचा येणार नाही.

पल्लवीले व्हिडिओवर दाखवलं. म्हणे, "बाबा, हे सगळं रेडीमेड मिळतं पुण्यात. आणि आईशी जरा गोड बोला, तुम्ही ऑर्डर दिल्यासारखं बोलता." पुण्यात राहून पोरीले आपलं बोलणं टोचाले लागलं. हे गोडच आहे बाप्पा, याहून गोड मले येत नाही.

शा. अंगणात तुळशीले पाणी घालाले आली. गाडीच्या दारातून एकदा आत पाहून गेली. एवढंच.

२२ मार्च, शनिवार

चुकलं. आज दुपारी कंट्रोलर ते बॅ. वायरीले हात लावला तं चटका. वरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, वास सुटला होता. लगेच स्विच पाडला.

शा. ओट्यावरून आली. "काय जळून राहिलं?"

"काही नाही. नवीन आहे, थोडा वास येतेच. ठीक आहे सगळं."

तिनं वायरीकडं पाहिलं नाही, माह्याकडं पाहिलं. "दोन घंट्यात येते लाईन," म्हणे. अन् आत गेली.

संध्याकाळभर बसलो. खरं काय आहे? मले भीती वायरीची वाटली नाही. तिनं विचारलं अन् माह्या तोंडातून आपोआप खोटं निघालं, त्याची वाटली. विचार कराच्या आधीच निघालं. नोकरीत लोकं शांत व्हावे म्हणून बोलत होतो. तेच मंग घरी आलं अन् इथंच राहिलं.

जेवणाच्या टाइमले सांगितलं. वायर पातळ होती. दुकानातल्या पोरीनं सांगितलं होतं, म्या ऐकलं नाही. आग लागली असती. शा.नं भाकर वाढली. "मंग आता?" म्हणे. बस, एवढंच. पण विचारलं.

२४ मार्च, सोमवार

पुन्हा अमरावती. मयुरीनं मले पाहून दहा एमएमची वायर न विचारता काउंटरवर काढून ठेवली. म्या म्हटलं, बोल काय बोलाचं ते.

"काका, व्होल्ट कमी म्हंजे अँपिअर जास्त. तेवढ्याच कामाले घरच्या लाईटीच्या वीसपट. वायरीले अँपिअर समजतात, तुमची नोकरी नाही समजत."

चौतीस वर्षांत कोण्या साहेबानं इतकं बरोबर झापलं नाही. बॅटरीच्या तोंडापाशी फ्यूज लावायले सांगितला, तो पण घेतला. वहीत सगळं लिहून घेतलं शाळेतल्या पोरासारखं. निघताना विचारलं, फ्रीज कोणासाठी म्हणून. सांगितलं. तिनं फ्रीजाचा भाव सांगाच्या आधी हे सांगितलं: दोन ते आठ डिग्री. शून्याखाली गेलं, गोठलं, तरी ते इन्सुलिन वाया. थंड म्हंजे चांगलं असं नाही.

हे शा.ले माहीत होतं. मले नव्हतं. दोन वर्षं एकाच घरात राहून.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. एक कडुनिंबाची डगाळ पिवळीच्या आरशाले पण बांधली.

फ्रीज कालच आला. पेटीसारखा, वरून उघडाचा. जाड वायरीवर चालून राहिला, वायर थंड. सकाळी ७ ले ५ डिग्री, दु. २ ले ५, संध्याकाळी ६ डिग्री.

शा. आज आत चढली. पहिल्यांदा. फ्रीजाचं झाकण उघडलं, हात घालून पाहिला, बंद केलं. म्हणे, "तीन दिवस. घरच्या लाईटीची वायर लावाची नाही. मी सांगीन तवा सुरू. आत लोणी ठेवीन. अन् तुमी मले हरएक टाइमचा आकडा सांगसान, चांगला असो का वाईट. एक आकडा जरी गोड करून सांगितला, तं मी बसत नाही तुमच्या गाडीत."

म्या म्हटलं, मंजूर. पोरीची पाटी सापडली माळ्यावर, ती फ्रीजाच्या वर टांगली. तिच्यावर लिहाचं.

श्रीखंड चांगलं झालं होतं. तिनं चमचाभर खाल्लं.

९ एप्रिल, बुधवार

काही नाही विशेष. पडदे शिवले शा.नं, तिच्या जुन्या हिरव्या नऊवारीचे. मागितले नव्हते. "उघडी गाडी काय बरी दिसते?" म्हणे. पलंगाखाली पाण्याची टाकी बसवली. एका शेजाऱ्यानं विचारलं, शाळा सुरू करून राहिले का? म्या म्हटलं, हाव, एकच विद्यार्थी आहे अन् मास्तरीण लय कडक.

१७ एप्रिल, गुरुवार. पहिला दिवस

सकाळी शा.नं लोण्याचा गोळा वाटीत घालून फ्रीजात ठेवला. "करा सुरू."

पाटी:
स. ७ — फ्रि. ५, बॅ. १००
दु. १ — फ्रि. ६, बॅ. १००. बाहेर ४३.
सं. ६ — फ्रि. ६, बॅ. ९८

गाडी मुद्दाम उन्हात ठेवली, गच्चीच्या भिंतीले लागून. हात सारखा सावलीकडं जाते. इथं एप्रिलात गाडी उन्हात लावणारा एक तं परगावचा असते नाही तं बैताड असते. दोन जण थांबून सांगून गेले, भाऊ, निंबाखाली लावा ना.

१८ एप्रिल, शुक्रवार. दुसरा दिवस

स. ७ — फ्रि. ५, बॅ. ७६. रात्रीचं खाल्लं, बरोबर आहे, दिवसा भरून निघते.

त्यानंतर मी तेल्हाऱ्याले. सोबतच्या एकाच्या पोराचं लग्न होतं. उन्हानं जीव गेला.

सं. ६ ले घरी, पहिले आकडे पाहिले. बॅ. ४८! शंभर पायजे होती. दिवसभर ऊन, एक ढग नाही, अन् भरलीच नाही. फ्यूज पाहिला, चांगला. हरएक स्क्रू पाहिला. कंट्रोलर बंद करून सुरू केला. वायरी हुंगून पाहिल्या. रफिकभाईले फोन, बोल्ट वायरीत घुसला का? "मेरा बोल्ट नहीं घुसता साहब." अंधार पडला, वर काही दिसेना.

शा. ज्ञानेश्वरीच्या पारायणाले गेली होती, नवाले आली. तिले पाटीवरचा आकडा सांगितला. "अठ्ठेचाळीस. कावून ते समजलं नाही. सकाळपर्यंत फ्रीज चालला पायजे, पण पक्कं सांगत नाही." हे बोलताना जीभ जड झाली. तिनं मान हलवली. झोपली पण लवकर.

१९ एप्रिल, शनिवार. तिसरा दिवस

स. ६ — फ्रि. ६, बॅ. २५.

गच्चीवर गेलो. तिथून टप सरळ दिसते. मागच्या प्लेटीवर आमची गोधडी! चारी टोकं नीट पसरलेली, काठाले अजून ओल.

खाली येऊन विचारलं. शा. चहा गाळून राहिली होती. "म्या टाकली. कावून? तुमी गेल्यावर आत पाहिलं, भट्टी झाली होती गाडीची. फ्रीज बिचारा किती धपापून राहिला होता. आपण टीनाच्या घरी होतो तवा नाही का टाकत होतो वरून ओली गोधडी? गच्चीवरून टाकली. दिवसातून चारदा पाणी मारलं."

"अवं, प्लेट झाकली!"

"एकच झाकली. एक तुमच्यासाठी ठेवली ना."

मी ओट्यावर बसून इतका हसलो का डोळ्यातून पाणी आलं. ती पहिले चिडली. मंग सांगितलं, दोन्ही एकामागं एक जोडल्या आहेत, एकीले ऊन नाही मिळालं का दुसरीचंही पुढं जात नाही. दोघी उपाशी. तिनं कपाळाले हात लावला. "मंग माह्यामुळं गेलं सगळं. पहिल्यापासून करा, पुन्हा तीन दिवस."

गोधडी काढाले म्या शिडी लावली तेवढ्यात ती आतून फ्रीज उघडून आली. वाटी हातात. लोणी दगडासारखं कडक. बोट दाबून पाहिलं, खूण पडेना.

"काल दिवसभर दोन्ही प्लेटा उपाशी होत्या?" म्हणे.

"हाव."

"तरी चालला?"

इथं मले 'पाह्य, म्या सांगितलं नव्हतं?' म्हणाचं होतं. आतून उड्या मारत होतं ते. पण पाटी समोर होती. म्या म्हटलं, "काल चालला. आज पण झाकली असती तं संध्याकाळी बंद पडला असता. पंचवीसच राहिली आहे. बिनउन्हाचा एक दिवस निघते, दुसरा निघत नाही या गरमीत."

"आज पहिल्यांदा तुमी चांगलं सांगताना वाईट पण सांगितलं," म्हणे. वाटी परत ठेवली. "पुन्हा नाही करायचं. आजचा दिवस होऊ द्या, बस."

सं. ६ — फ्रि. ५, बॅ. ८७.

२० एप्रिल, रविवार

सकाळी घरभर तुपाचा वास. शा.नं त्या लोण्याचं तूप कढवलं. बरणीत भरलं, झाकणाले कापड बांधलं.

"हे दादाकडं न्यायचं आहे," म्हणे.

आंघोळ करून पिवळीच्या चारी चाकाची हवा पाहून आलो, चांगली होती, तरी पाहिली.

२९ एप्रिल, मंगळवार. वरूड

पोहोचलो. अकोल्याहून सहाले निघालो. मूर्तिजापूर, मंग अमरावती. दुकानापुढं गाडी थांबवली, शा.नंच सांगितलं. मयुरी बाहेर आली, आत चढून जाड वायरीवर पंजा ठेवला, थंड. मंग शा.ले म्हणे, "काकू, काका ऐकतात का तुमचं?" शा. म्हणे, "माह्यं नाही, पाटीचं ऐकतात." दोघी हसल्या. मी टायर पाहत उभा होतो.

मोर्शीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं शाळेतली लेकरं चालली होती, गाडी पाहून हात दाखवाले लागली. थांबवावं वाटलं. शा. म्हणे, चालवा.

दर घंट्यानं मागं जाऊन ती आकडा पाहे अन् पाटीवर लिहे. फ्रि. ५. ६. ५. मळ्यात शिरलो तवा बॅ. ९६.

वामनदादा बांधावर उभा. दोन वर्षांनी बहीण आली. तिच्या हातातली तुपाची बरणी घेतली अन् उलटीपालटी करून पाहत राहिला. मंग मले म्हणे, "जवाई, ही शाळा कावून आणली?"

३० एप्रिल, बुधवार. अखजी

सकाळी पितरांची घागर भरली. आमरस, पुरणपोळी, कुरडया. शा. आधी सुई घेऊन मंग पाटावर बसली. इन्सुलिन पिवळीतून आणलं, पिवळीत ठेवलं. पोळी अर्धी, रस दोन चमचे, वहिनीनं आग्रह केला तं डोळे वटारले. तिच्या आईच्या जुन्या घागरीले तिनंच कुंकू लावलं.

३ वाजता लाईट गेली. पंखे थांबले तसे सगळे माह्याकडं वळले. दादा, वहिनी, शेजारच्या मळ्यातून आलेली आजी. दादा म्हणे, "जवाई, तुमी लाईनीचे माणूस. कवा येते?"

दोन घंटे. जिभेच्या टोकावर आलं होतं. समोर शा. वाट्या गोळा करून राहिली होती, तिचा हात थांबला.

म्या म्हटलं, "मले माहीत नाही, दादा. इथल्या माणसाले विचारतो."

नंबर काढून फोन लावला. तिकडून आवाज, "दोन घंट्यात येते साहेब, काळजी करू नका." कोणी तरी जवान पोरगा असन. थकलेला. मले त्याचा राग नाही आला. माह्याच गावचा आवाज वाटला.

दादाले म्हटलं, "तो म्हणते दोन घंटे. तुमी सकाळ धरून चाला."

शा. खाली मान घालून हसली. वाट्या घेऊन आत गेली.

मंग सगळे पिवळीकडं. वहिनीले उरलेल्या आमरसाचं पातेलं फ्रीजात ठेवाचं होतं. शा.नं झाकणावर हात ठेवला. "औषधाले जागा आहे, आमरसाले नाही." आजीच्या डोळ्यात घालाच्या थेंबांची शिशी मात्र तिनं स्वतः मागून घेतली, इन्सुलिनच्या बाजूले रुमालात गुंडाळून ठेवली. पाटीवर लिहिलं पण: 'आजीची शिशी — १.' आमरस आम्ही खाऊन टाकला. बराच होता.

१ मे, गुरुवार

लाईट स. १० ले आली. फ्रि. ५. आजी शिशी घ्याले आली, दोन दिवस तरी राहा म्हणे.

मळ्यात हिंडलो दादासोबत. संत्री लिंबाएवढी, हिरवीगार. दादा सारखा पिवळीच्या टपाकडं पाहे. शेवटी विचारलंच, अशी प्लेट विहिरीच्या मोटारीले लागते का? म्या म्हटलं, लागते, पण वायर जाड घ्या. अन् दुकानातल्या पोरीचं ऐका.

शा. भावासोबत विहिरीवर बसून होती अर्धा दिवस. काय बोलत होते माहीत नाही. दोघंही हसत होते.

२ मे, शुक्रवार

आज घरी परत जाचं ठरलं होतं. सकाळी सामान भरून पाहतो तं शा. समोरच्या सीटवर बसलेली, इन्सुलिन घेऊन झालेलं, थैली मांडीवर.

"इथून परतवाडा किती?" म्हणे.

"कावून?"

"तिथून वर चिखलदरा आहे ना. लग्न झाल्यापासून नेतो म्हणून राहिले तुमी."

खरं आहे. दर उन्हाळ्यात म्हटलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. दर उन्हाळ्यात लाईनी तुटत होत्या. ते पण दोन घंट्यातलंच होतं, आता समजते.

"पण तिथं झाडी लय म्हणतात," ती म्हणे. "अन् ढग पण येतात. ढग आले तं तुमच्या प्लेटा चालतीन का?"

इंजिन सुरू होतं. वामनदादा खिडकीपाशी उभा होता. 'चालतीन ना, तू बस बिनधास्त,' हे इतकं तयार होतं का फक्त तोंड उघडाचं होतं.

"माहीत नाही," म्या म्हटलं. "एक दिवस नक्की काढीन. थंड आहे तिथं, तं दोन निघतीन कदाचित. त्याच्या पुढचं मले माहीत नाही. खाली परतवाड्याले यावं लागन."

शा.नं थैलीतून मातीचं एक छोटं मडकं काढलं, वहिनीकडून घेतलेलं, ओलं फडकं गुंडाळलेलं. दाखवलं अन् परत थैलीत ठेवलं. पट्टा लावला.

"चला मंग," म्हणे. "पाहू जाऊन."

आता परतवाड्याले चहाले थांबलो, हे इथंच लिहून राहिलो. फ्रि. ५, बॅ. ९४. घाटाकडं पाहिलं तं वर ढग आहेत. शा.ले सांगितलं.

"आहेत," म्हणे. "मले पण दिसतात. चहा प्या लवकर."